अंडी थांबली की यायचं

माझ्या नाकावर राग असतो, हे आधीच सांगून टाकते. तालुक्याच्या कचेरीत सव्वीस वर्षं कारकुनी केली की माणसाच्या तोंडाला एक धार येते. "कागदावर काय आहे ते बोला" हे वाक्य मी दिवसातून वीसदा तरी म्हणत असेन. कचेरीत ते शोभतं. आईशी बोलताना शोभत नव्हतं, हे फार उशिरा कळलं.

आई शिवथरच्या खोऱ्यात आमच्या वाडीत एकटी राहायची. एसटी खालच्या फाट्यापर्यंत जाते, तिथून अर्धा तास चढ. वाडी अगदी डोंगराच्या पोटाशी आहे. वडील गेले, भाऊ मुंबईला, तो फोनवर "ताई, तूच बघ" म्हणून मोकळा. वाडीत अकरा घरं, त्यातली निम्मी कुलपात. आईच्या मागच्या अंगणाला लागून एका काकीचं घर. नात्याची नाही, पण लहानपणापासून मी तिला काकीच म्हणते.

तळीयेवर दरड कोसळली आणि माझी झोप उडाली. तोवर डोंगर म्हणजे डोंगर होता, त्याची भीती बाळगायचं कुणाच्या मनातही आलं नव्हतं. त्यानंतर मात्र दर ज्येष्ठात पावसात हलवायच्या वाड्यांची यादी कचेरीत यायची, ती टाइप करणारी मी आणि त्यात आमची वाडी. स्वतःच्या आईचं घर दरडीच्या यादीत टाइप करताना काय होतं, ते ज्याचं त्यालाच माहीत. इशारा आला की वाडी चार दिवस खालच्या शाळेत उतरायची. आईही उतरायची, पण डोक्यावर डालगं आणि डालग्यात कोंबड्या. पाऊस जरा उघडला की सगळ्यांच्या आधी परत वर चढायची.

"माझ्याकडं ये, महाडला," मी म्हणायची. "दुसरा मजला आहे, पुराचंही भय नाही."

"न् कोंबड्या कोण बघंल?" हे तिचं उत्तर. दरवेळी तेच. भात नाही, घर नाही, देव नाहीत, कोंबड्या! मी चिडायची, ती हसायची आणि विषय तिथंच मिटायचा.

तळीयेच्या पुढल्या वर्षी दिवाळीत मात्र मी हट्टालाच पेटले. तेव्हा तिच्याकडं चार तलंगा, म्हणजे तरण्या कोंबड्या होत्या, त्याच महिन्यात अंड्यावर आलेल्या. एक पिवळी, एक कवडी म्हणजे ठिपक्यांची, दोन काळ्या. मी फोनवर शोधून ठेवलं होतं. कोंबडी पाच-सहा महिन्यांची झाली की अंडी घालायला लागते, पहिली दोन वर्षं भरपूर घालते, मग उतरणीला लागते. कुणी मारली-खाल्ली नाही तर जगते सहा-सात वर्षं, कधी आठही, पण ते नुसतं जगणं. मी ते आईला वाचून दाखवलं. ती तांदूळ निवडत ऐकत होती.

"मग ठरवू या," मी म्हटलं. "या चौघी अंडी घालतायत तोवर तू इथं राहा. मी एक अक्षर बोलणार नाही. पण यापुढं एकही कोंबडी अंड्यांवर बसवायची नाही. नवी पिल्लं नकोत. या चौघींची अंडी थांबली की यायचं. निमूट."

आईचा हात सुपात थांबला. तिला ते नीट कळलं होतं. कोंबड्यांची अंडी म्हणजे तिचे त्या घरातले दिवस.

"बरं," ती म्हणाली.

घरी येऊन सांगितलं तर आमचे हे हसत सुटले. "कोंबड्यांशी करार करणारी पहिलीच कारकून तू!" मीही हसले. मला वाटलं, काय शहाणपणा केलाय मी. भांडण न करता दोन वर्षांत आई खाली येणार.

आईनं शब्द पाळला, आणि कसा पाळला ते मी डोळ्यांनी बघितलंय. गावठी कोंबडी बारा-पंधरा अंडी घालते आणि खुडूक होते. अंगावरची पिसं फुलवते, अंड्यांवरून हलत नाही, हात लावला तर टोचते. तिला पिल्लं काढायची असतात. आजवर आई तेव्हा तिच्याखाली अंडी मांडायची, एकवीस दिवस तिला दाणापाणी जागेवर द्यायची. आता ती तिला उचलून पाण्याच्या घमेल्यात बुडवायची, नाकात पीस ओवायची, दोन दिवस उघड्या डालग्याखाली कोंडायची. मी गेले होते तेव्हा एकदा कवडी अशीच भिजून कोपऱ्यात कुरकुरत उभी होती.

"तिला आई व्हायचंय गो," आई म्हणाली, "न् मी तिच्या बुडाला गार पाणी मारते."

मी म्हटलं, "आठ दिवसांत विसरेल ती." आणि चहा मागितला. काय माणूस मी तरी!

पिल्लं वाढवायची नसल्यामुळं कोंबड्या लगेच पुन्हा अंड्यावर यायच्या. अंडीच अंडी. दर शनिवारी सकाळच्या एसटीनं पत्र्याचा डबा यायचा, आत भाताचं तूस आणि तुसात दहा-बारा अंडी. मी डेपोत जाऊन घ्यायची. कचेरीत दोन-चार द्यायची, "आईच्या कोंबड्यांची" म्हणून मिरवायची.

दुसऱ्या वर्षी भाद्रपदात डबा दोन शनिवार आला नाही. मी फोन केला. मजेत, अगदी मजेत म्हटलं, "काय गो, थकल्या का तुझ्या कोंबड्या? बांधू का बोचकं?"

 ती म्हणाली, "नाय गो, पाऊस हाय म्हणून. येतील पुढल्या शनवारी."

पुढल्या शनिवारी डबा आला. त्यानंतर कधी चुकला नाही. पावसात नाही, थंडीत नाही, वर्ष उलटलं तरी नाही. मला आश्चर्य वाटायचं, थोडा वैतागही यायचा. फोन म्हणतो दोन वर्षं आणि या बयांचा उतार लागेना! पण ठरलं होतं म्हणून मी गप्प होते.

तिसऱ्या वर्षी आश्विनात काकीची सून कचेरीत आली, उत्पन्नाच्या दाखल्यासाठी. मी तिला बसवलं, चहा मागवला. बिचारी मनापासून म्हणाली, "ताई, तुमच्या आईची लय मदत होते हो आम्हाला. यंदा नाचणीची बेणणी जवळजवळ त्यांनीच उरकली. मागल्या वर्षीबी आल्या व्हत्या. मजुरी घेत नायत. म्हणतात, अंडी दे."

 बेणणी म्हणजे भर पावसात, चिखलात वाकून दिवसभर तण उपटायचं. माझी आई सत्तरी ओलांडलेली. गुडघे धरून उठणारी बाई लोकांच्या वरकस जमिनीत तण काढत होती, मला शनिवारचा डबा यावा म्हणून.

तेव्हा मला रडू यायला हवं होतं. आलं नाही. डोक्यात तिडीक गेली. आई आपल्याशी खोटं बोलली, वर्षभर आपल्याला वेड्यात काढलं, एवढंच त्या वेळी दिसलं. शनिवारी मी पहिल्या एसटीनं निघाले. चढ चढताना मनात वाक्यं जुळवत होते. कचेरीत एखाद्याला कागदासकट पकडलं की जसं वाटतं तसंच वाटत होतं, खोटं कशाला सांगू.

आई मागच्या अंगणात होती. कोंबड्यांकडं बघून मी दचकलेच. माना उघड्या, शेपट्या झडलेल्या, अंगावर जागोजागी गुलाबी कातडी दिसतेय. अंगणभर पिसं. खुराड्यात बघितलं, एक अंडं नाही.

"कधीपासून थांबलीत?" मी विचारलं.

"थांबली नायत गो. पिसं टाकतायत. दर साली टाकतात या दिसांत. पिसं आली की घालतील, पौष-माघात."

"मग शनिवारची अंडी कुणाची?"

 काकी आवाज ऐकून कुंपणाशी आली होती, तिनं मान खाली घातली.

"दोन वर्षं लोकांच्या शेतात राबून मला अंडी पाठवतेस! तुझ्या कोंबड्या केव्हाच संपल्यात आई, आणि तू मला फसवतेस!"

"संपल्या नायत," ती हळूच म्हणाली. "खाली फोनात काय बी लिवत्यात. मागल्या माघात घालत व्हत्या. तुला पाठवली ती अर्धी यांचीच."

"आता मी काय धरायचं खरं?"

 कोंबड्यांविषयी ती खरं बोलत होती. मी त्याच अंगणात वाढले. दर पावसाळ्याच्या शेवटी कोंबड्यांची पिसं मी परकराच्या ओच्यात गोळा करून खेळलेय. कोंबडी पिसं टाकते तेव्हा अंडी बंद करते आणि थंडी सरताना पुन्हा घालायला लागते, दरवर्षी जरा कमी, पण घालते, हे मला वयाच्या सहाव्या वर्षी ठाऊक होतं. कचेरीत जाऊन विसरले, की त्या दिवशी आठवायचंच नव्हतं, देव जाणे. पण ती खोटं बोलताना सापडली होती आणि त्या शरमेनं ती तिचं खरंसुद्धा धड मांडू शकली नाही. वाद घातला असता तर बरं झालं असतं. माझ्यासारखीच तिच्याही तोंडाला धार असती तर तिनं मला दारातून परत लावलं असतं.

"ठरलं होतं," मी म्हटलं. "अंडी थांबली की यायचं."

"येते," ती म्हणाली.

एक बोचकं, एक पिशवी. कोंबड्या तिनं एकेक उचलून कुंपणावरून काकीच्या हातात दिल्या. पिवळीला देताना तिच्या उघड्या मानेवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "पिसं येईपर्यंत तरी थांब गो. कापू नको."

मी मागं उभी होते, एसटीची वेळ होत आली होती. मी म्हटलं, "काकी, म्हाताऱ्या झाल्यात त्या. रस्सा करून टाका." आईच्या समोर म्हटलं. हे वाक्य परत घेता येत असतं तर माझ्या पगारातलं काय हवं ते दिलं असतं.

महाडच्या घरी तिनं कसलीच तक्रार केली नाही. पहाटे उठायची आणि करायला काही नाही म्हणून पलंगाच्या कडेला बसून राहायची. भांडी घासायला घेतली की मी ओरडायची, बाई येते ना आपल्याकडं! मग गॅलरीत उभी. खालून दुचाक्या, वर डिशच्या तबकड्या. दुकानातलं अंडं खाल्लं की म्हणायची, "नुसतं पाणी हाय." परत जायचं नाव काढलं नाही. मी तेवढ्यावर खूश होते. आई दरडीखाली नाही, माझ्या छपराखाली आहे. लोकांना सांगायची, "रुळली हो छान."

माघातल्या एका शनिवारी डेपोतून फोन आला, तुमचा डबा आलाय. मला वाटलं चुकून केला. गेले, तर तोच तुसाचा डबा. तेवढ्यात काकीचा फोन. आनंदानं ओरडत होती. "अगं, पिसं आली! पिवळी न् कवडी दोगी घालाया लागल्या. दोघींचीच हायत, माझं एकबी नाय त्यात. आईला सांग!"

मी डेपोतल्या बाकड्यावर बसले. डबा उघडून मोजली, अकरा होती. हातात घेतली तर जराशी खरबरीत, एक-दोन अंड्यांना वाळलेली शीट अजून चिकटलेली. काळ्या दोघी थांबल्या असतील, पण करारात "चौघींची अंडी थांबली की" असं होतं. मीच घातलेला शब्द. दोघी घालत होत्या. म्हणजे आईचं म्हणणं खरं होतं आणि ठरल्याप्रमाणं तिला आजच्या आज आपल्या घरी जायचा हक्क होता. एवढं साधं. घरी जाऊन म्हणायचं होतं, "आई, तुझ्या कोंबड्या घालतायत, चल, सोडते."

मी ते म्हटलं नाही. यादी डोळ्यांपुढं आली, चार महिन्यांवर पाऊस होता. हे एक कारण, आणि ते खोटं नाही. दुसरं कारण असं की मग मला म्हणावं लागलं असतं, माझं चुकलं. पहिल्या कारणाच्या आड मी दुसरं दडवलं.

डब्यातली अंडी काढून मी कापडी पिशवीत घातली, डबा डेपोतच ठेवला. घरी येऊन म्हटलं, "बाजारात एक बाई बसली होती, गावठी अंडी होती तिच्याकडं. घेतली तुझ्यासाठी."

आईनं पिशवीत हात घातला. एक अंडं काढलं, गॅलरीच्या उजेडात नेलं, तळव्यावर हळू फिरवलं. मग दुसरं काढून तसंच केलं. 

"कितीला दिली?" तिनं विचारलं.

मी तोंडाला येईल तो आकडा सांगितला.

"म्हाग हायत," ती म्हणाली आणि अंडं परत पिशवीत ठेवलं. दुपारी मी दोन उकडून दिली. तिनं मीठ लावून हळूहळू खाल्ली, पिवळ्याचा कणही ताटात ठेवला नाही. "बरी हायत," एवढंच म्हणाली. मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभी राहिले.

पुढल्या शनिवारी डबा आला नाही. त्याच्या पुढल्याही नाही. काकीचा फोनही नाही. खरं सांगते, मला सुटल्यासारखं वाटलं. म्हटलं, थांबल्या असतील आता कायमच्या. माझा अपराधही त्यांच्याबरोबर थांबला असं मी मनाला समजावलं. त्या वर्षी पाऊस झाला, इशारे आले, वाडी चार दिवस शाळेत उतरली आणि परत वर गेली. डोंगर जागचा हलला नाही.

आई भाद्रपदात गेली. साधा ताप, मग छाती भरली, पाच दिवसांत सगळं संपलं. दवाखान्यात माझा हात धरून होती, पण बोलली ती भावाच्या मुलीच्या शाळेबद्दल आणि भिंतीवरच्या पालीबद्दल.

दिवसकार्य झालं आणि मी घर आवरायला वर गेले. बरोबर कुणाला नेलं नाही. कुलूप काढलं, आत ओल आली होती. मागचं दार उघडलं तर काकीच्या अंगणात दोन कोंबड्या. माना उघड्या, पिसं झडलेली. पिवळी आणि कवडी. काळ्या दोघींना उन्हाळ्यात मुंगसानं नेलं, काकीनं सांगितलं.

काकीनं पाणी दिलं. आम्ही तिच्या पायरीवर बसलो. मनात होतं ते मी विचारून टाकलं. "काकी, माघात एकदाच अंडी पाठवलीत. मग थांबल्या का त्या?"

"थांबतात कशाला? चैतापातूर घालत व्हत्या." ती माझ्याकडं न बघता म्हणाली. "तुझ्या आईचाच फोन आला, तू हापिसात गेल्यावर. म्हणाली, अंडी पोचली. मी म्हटलं, कुणाची ते वळखलं का? तर म्हणे, पिवळीचं अंडं मी वळखणार नाय व्हय? टोकाला निमुळतं असतंय."

मी पाण्याचं भांडं पायरीवर ठेवलं. काकी पुढं सांगत राहिली.

"म्हणाली, लेकीनं बाजारातनं आणली म्हणून सांगितलंय. आता पाठवू नको. दर डब्याला तिला खोटं बोलाया लागंल, तिला जमत नाय ते, तोंड एवढंसं व्हतं. ती भिते गो डोंगराला. तिची भीती उतरली की तीच म्हणंल, चल. तवर कोंबड्या तेवढ्या संबाळ."

"मग?"

"मग काय, दर आठवड्याला फोन. पिवळी घालते का, कवडी खाते का. शेवटला आला तो गणपतीच्या आदल्या दिशी. म्हणाली, पिसं टाकाया लागल्या असतील ना आता? मी म्हटलं, हां, कालपासनं. तर म्हणे, मग माघापर्यंत वाट बघते."

काकी डोळे पुसत उठली आणि कोंबड्यांना तांदळाच्या कण्या टाकल्या. मी पायरीवरच बसून राहिले. या वेळी आलं रडू, लाज सोडून रडले. माघात पिवळी पुन्हा घालेल, काकी पुन्हा फोन करेल. आई असती तर त्या वेळी मी तिला खरं सांगितलं असतं, असं म्हणावंसं फार वाटतं. पण सांगितलं असतं की नाही, हे मला आजही खात्रीनं म्हणता येत नाही.